विंडोज ११ आलं, वाय-फाय गेलं

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला. म्हणजे त्या दिवशी संगणक बंद पडत नाही, पण सुरक्षेचे मोफत अपडेट यायचे थांबतात. मी नाशिकच्या इंदिरानगरमधून घरबसल्या हिशेबाची आणि जीएसटीची कामं करते. लोकांचे पॅन, बँक खाती, पासवर्ड असं सगळं माझ्या लॅपटॉपवर असतं, त्यामुळे विंडोज ११वर जाणं टाळण्यासारखं नव्हतं. पण ऑक्टोबरअखेरपर्यंत टीडीएसचं तिमाही रिटर्न, मध्येच दिवाळी. म्हणून ठरवलं की ३१ तारखेचं काम आटोपलं की शनिवारी, १ नोव्हेंबरला अपग्रेड. पुढची मोठी तारीख ११ नोव्हेंबर, जीएसटीआर-१ची, म्हणजे महिन्याच्या विक्रीच्या रिटर्नची. मधे भरपूर वेळ होता.

तयारी नीट केली होती. लॅपटॉप २०१९चा, आठव्या पिढीचा प्रोसेसर, आठ जीबी रॅम. विंडोज ११ला जे लागतं (टीपीएम २.०, सिक्युअर बूट वगैरे) ते त्यात आहे की नाही हे तपासायचं छोटं ॲप मिळतं, त्याने हिरवी खूण दाखवली. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा सगळा डेटा बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतला. बिटलॉकरची (विंडोजमधलं डिस्कचं कुलूप) ४८ अंकी किल्ली डायरीत उतरवून ठेवली. डिस्क एनक्रिप्ट केलेली असेल आणि कोणी बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, काही बदललं, तर मशीन ही किल्ली मागतं, आणि नेमकी तेव्हा ती कुठे आहे हे आठवत नाही.

संध्याकाळी सहाच्या सुमारास अपग्रेड सुरू केलं. टक्के चढत राहिले, मशीन मधूनमधून स्वतःच बंद-चालू होत राहिलं. जेवणं आटोपून बसले तर नवा डेस्कटॉप समोर, स्टार्टचं बटण मधोमध सरकलेलं. छान वाटलं. टॅली उघडली, चालली. मग जीएसटीचं पोर्टल उघडायला गेले आणि ब्राउझर म्हणाला, इंटरनेट नाही.

खाली घड्याळाशेजारी वाय-फायच्या पंख्याऐवजी पृथ्वीचा गोल, त्यावर बारीकशी फुली. सेटिंगमध्ये गेले तर वाय-फाय बंद दिसत नव्हतं. वाय-फाय हा पर्यायच तिथे नव्हता. नुसता एअरप्लेन मोड आणि प्रॉक्सी. घरातल्या फोनवर आणि टीव्हीवर इंटरनेट सुरळीत होतं, म्हणजे राउटरची तक्रार नव्हती.

रविवारी सकाळी नेहमीचे उपाय झाले. रीस्टार्ट. मग पूर्ण शटडाऊन. इथे एक सांगते: विंडोजमध्ये साधं शटडाऊन केलं की फास्ट स्टार्टअपमुळे मशीन खऱ्या अर्थाने पूर्ण बंद होत नाही. शिफ्ट दाबून शटडाऊन करा, नाहीतर सरळ रीस्टार्ट करा. मी दोन्ही केलं, फरक नाही. राउटरची केबल थेट लॅपटॉपला लावली. केबलच्या भोकाजवळचा दिवा लुकलुकला, पण इंटरनेट नाही.

मग फोनची आठवण झाली. यूएसबी केबलने फोन जोडून टिथरिंग सुरू केलं की वाय-फायशिवायही लॅपटॉपला इंटरनेट मिळतं, हे माहीत होतं. फोन म्हणाला टिथरिंग सुरू आहे. लॅपटॉप म्हणाला, नाही. तेव्हा मी फक्त वैतागले. पण नंतर कळलं की अख्ख्या भानगडीतली सगळ्यात महत्त्वाची खूण हीच होती. लॅपटॉपचं नेटवर्क कार्ड बिघडलं असतं तर फोनवरून इंटरनेट यायला काही हरकत नव्हती, कारण तिथे लॅपटॉपच्या कार्डाचा संबंधच येत नाही. वाय-फाय, केबल आणि फोन हे तीन वेगवेगळे रस्ते एकाच रात्रीत बंद झाले होते, म्हणजे जिथे तिन्ही एकत्र येतात तिथे काहीतरी अडलं होतं. तुमच्यावर ही वेळ आली तर कोणालाही पैसे द्यायच्या आधी फोन जोडून बघा. फुकटात निम्मं निदान होतं.

माझं निदान मात्र सोमवारी दुकानात सुरू झालं. त्याआधी इंटरनेट कंपनीला फोन लावला होता. तिथल्या मुलाने लाइन तपासली आणि 'आमच्याकडून ओके आहे मॅडम' असं सांगून तक्रार बंद केली. तो चुकीचं बोलत नव्हता. मग लॅपटॉप पिशवीत घालून रिक्षाने शरणपूर रोडला. मुंबई नाक्यावर नेहमीची कोंडी, सिंहस्थ जवळ येतोय तसं शहरात कुठे ना कुठे काम काढलेलंच असतं, त्यामुळे पोचायला बराच वेळ गेला.

दुकानदार मनाने वाईट नव्हता. त्याने डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे मशीनमधल्या उपकरणांची यादी, उघडलं. नेटवर्क अडॅप्टर्सच्या खाली प्रत्येक नावावर पिवळा त्रिकोण. "ताई, कार्ड गेलंय. सोळाशे रुपये. नाहीतर फॉरमॅट मारून देतो, सातशे रुपये, उद्या घेऊन जा."

"वाय-फायचं कार्ड गेलं तर केबलने का चालत नाही?"

"मदरबोर्डचा पण इश्यू असू शकतो."

त्याच्याकडे यूएसबीत लावायचं छोटं वाय-फाय डोंगल होतं, साडेचारशेचं. ते एकदा लावून दाखवा म्हटलं. त्याने लावलं. यादीत नवं नाव आलं आणि दोन सेकंदांत त्याच्यावरही पिवळा त्रिकोण. पाकिटातून आत्ता काढलेली कोरी वस्तूसुद्धा या मशीनवर चालत नव्हती. दुकानदाराने डोकं खाजवलं आणि पुन्हा फॉरमॅटवर आला.

फॉरमॅटला मी नाही म्हटलं, त्यामागे धंद्याचं कारण आहे. टॅलीचा परवाना त्या मशीनला जोडलेला असतो. फॉरमॅट करायच्या आधी तो सरेंडर करायचा, मग नव्याने सुरू करायचा. सरेंडर करायचा सरळ मार्ग इंटरनेटवरून जातो. म्हणजे इंटरनेट नाही म्हणून फॉरमॅट करायचं, आणि फॉरमॅट करायला इंटरनेट हवं. शिवाय डिजिटल सिग्नेचरच्या टोकनचे (पेनड्राइव्हसारखं यूएसबीत लावायचं असतं ते) ड्रायव्हर, म्हणजे उपकरण चालवणारं सॉफ्टवेअर, टीडीएसची सॉफ्टवेअर, प्रिंटर, हे सगळं पुन्हा बसवायचं ते ११ तारीख डोक्यावर असताना. तपासणीचे तीनशे रुपये दिले आणि निघाले. निघण्यापूर्वी डिव्हाइस मॅनेजरमधल्या एका त्रिकोणावर डबल क्लिक करून आतल्या मजकुराचा फोटो काढला, हे बरं झालं. कंसात लिहिलं होतं, कोड ५६. विंडोज या उपकरणाची वर्गरचना अजून करत आहे, अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य.

मंगळवार रिटर्नमध्ये गेला. ११ तारीख म्हणजे फक्त दंडाचा प्रश्न नसतो. माझी एक पार्टी अंबडच्या एमआयडीसीत फॅब्रिकेशन करते. त्यांची विक्री ११ तारखेच्या आत जीएसटीआर-१मध्ये चढली नाही, तर १४ तारखेला तयार होणाऱ्या जीएसटीआर-२बीमध्ये (ग्राहकाला ज्यावरून कराची वजावट मिळते ती खरेदीची यादी) ती बिलं दिसत नाहीत, म्हणून त्यांचे ग्राहक पेमेंट अडवून धरतात. दुसरी पार्टी पिंपळगाव बसवंतला खत-औषधांचं दुकान चालवते. ऑक्टोबर छाटणी झाली की द्राक्षवाल्यांची खरेदी वाढते, त्या महिन्याच्या बिलांचा ढीग विचारू नका.

पण इंटरनेट नसताना यातलं बरंच काम होतं. टॅलीतून रिटर्नची जेसन फाइल (पोर्टलला वाचता येते अशी) काढता येते. ती पेनड्राइव्हवर घेतली की कुठल्याही संगणकावरून पोर्टलवर चढवता येते. कॅनडा कॉर्नरजवळ माझ्या मैत्रिणीचं ऑफिस आहे, तीही हेच काम करते. तिच्या संगणकावर बसून दोघा-तिघांची रिटर्न्स चढवली. मालक एकटाच असलेल्या धंद्यांची ओटीपीवर झाली. अंबडची पार्टी प्रायव्हेट लिमिटेड, तिला डिजिटल सिग्नेचर लागते. टोकन पर्समध्येच होतं, पण मैत्रिणीकडे त्या टोकनचा ड्रायव्हर नव्हता, त्यात अर्धा तास मोडला. सायबर कॅफेत हे करू नका. टोकनचा पिन आणि पोर्टलचा पासवर्ड परक्या मशीनवर टाकणं म्हणजे उद्याची डोकेदुखी विकत घेणं.

आता विंडोज १०वर परत जायचा पर्याय. अपग्रेडनंतर दहा दिवस सिस्टीममधल्या रिकव्हरीत 'गो बॅक'चं बटण असतं. जुनं विंडोज एका फोल्डरमध्ये तसंच ठेवलेलं असतं, म्हणून ते शक्य होतं. या काळात जागा मोकळी करायला डिस्क क्लीनअप चालवलंत आणि जुन्या इन्स्टॉलेशनवर टिक केलंत, तर ते बटण गेलं. माझे दहा दिवस नेमके ११ला संपत होते. मी शनिवार, ८ तारीख पक्की केली: तोवर सुटलं नाही तर परत. त्याआधी परत जायचं नव्हतं, कारण मागे जाऊन पुन्हा पुढे येताना हाच खड्डा परत लागणार होता.

बुधवार, ५ नोव्हेंबरला गुरुनानक जयंतीची सुट्टी होती. माझा भाचा पुण्याला आयटीत आहे, तो घरी सापडला. त्याला कोड ५६चा फोटो पाठवला. दहा मिनिटांत त्याचा व्हिडिओ कॉल.

"मावशी, लॅपटॉपवर कधी व्हीपीएन होतं का?"

होतं. व्हीपीएन म्हणजे घरून कंपनीच्या नेटवर्कला सुरक्षित जोडणारं सॉफ्टवेअर. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये मी एका कंपनीचं पगारपत्रकाचं काम घरून करायचे. त्यांच्या आयटीवाल्याने दुरून मशीनचा ताबा घेऊन ते बसवलं होतं. काम पुढे सुटलं, लॉगिन बंद झालं, पण सॉफ्टवेअर यादीत खाली कुठेतरी पडून होतं.

त्याने समजावलं ते असं. जुन्या पद्धतीचं व्हीपीएन नुसतं ॲप नसतं. ते विंडोज आणि नेटवर्क कार्ड यांच्या मधे स्वतःचा एक थर बसवतं, येणारीजाणारी प्रत्येक गोष्ट त्यातून गाळून पुढे जाते. शिंदे टोलनाक्यावरची माणसं निघून गेली पण आडवा दांडा तसाच राहिला तर जे होईल, ते झालं होतं. विंडोज १०मध्ये तो थर कसाबसा चालत होता. अपग्रेडने नेटवर्कची सगळी मांडणी नव्याने केली, त्यात हा जुना थर बसेना, आणि मांडणी अर्ध्यावर अडकली. म्हणून कार्ड नवं असो की जुनं, यूएसबीचं असो की फोनचं, प्रत्येकाला कोड ५६. हा प्रकार नवाही नाही. २०१५ला लोक विंडोज ८वरून १०वर गेले, तेव्हाही जुन्या व्हीपीएनवाल्यांचं वाय-फाय असंच गेलं होतं.

त्याने पहिलं काम वेळ वाढवून घ्यायचं केलं. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडायचा आणि डीआयएसएम नावाच्या आज्ञेतल्या 'सेट ओएस अनइन्स्टॉल विंडो' या पर्यायाला ३० हा आकडा द्यायचा. दहा दिवसांची मुदत तीस दिवसांची झाली. साठपर्यंत वाढवता येते, पण दहा दिवस संपायच्या आत करायला हवं. हे मला शनिवारीच माहीत असतं तर निम्मा ताण वाचला असता.

मग व्हीपीएन काढायला गेलो. इन्स्टॉल्ड ॲप्समध्ये जाऊन अनइन्स्टॉल दाबलं, तर उत्तर आलं की तुम्ही वापरू पाहत असलेली सुविधा नेटवर्कवरच्या ज्या ठिकाणी आहे ते ठिकाण उपलब्ध नाही. नेटवर्क बिघडवणारा गृहस्थ निघून जायलाही नेटवर्क मागत होता. आम्ही दोघंही हसलो. खरा अर्थ एवढाच की मूळ इन्स्टॉलरची फाइल मशीनवर उरली नव्हती. भाच्याने त्याच आवृत्तीचा इन्स्टॉलर शोधून मला व्हॉट्सॲपवर पाठवला. फोनवरून लॅपटॉपवर फाइल जाईल का, ही मला शंका होती. जाते. टिथरिंग बंद असलं तरी केबलने फाइल ट्रान्सफर चालतं, त्याचा नेटवर्कशी संबंध नाही. इन्स्टॉलर चालवला, त्याने दुरुस्ती की काढून टाकणं असं विचारलं, काढून टाकणं निवडलं. रीस्टार्ट.

त्रिकोण तसेच. माझा धीर सुटत चालला होता. बाहेर सासूबाई त्रिपुरवात भिजवून माझी वाट बघत होत्या, त्यांना दोनदा 'आलेच' म्हणून झालं होतं.

भाचा म्हणाला, सॉफ्टवेअर गेलं पण त्याचा थर नोंदीत राहिला असेल. नेटसीएफजी नावाची एक आज्ञा आहे. तिच्यापुढे डॅश एस आणि एन दिलं की नेटवर्कमध्ये बसलेल्या सगळ्या घटकांची यादी येते. त्या यादीत व्हीपीएनचं नाव अजून होतंच. आधी डॅश यू देऊन तो एक घटक काढला. मग डॅश डी. ही शेवटची आज्ञा नेटवर्कची सगळी उपकरणं पुसून मांडणी पहिल्यापासून करायला लावते, म्हणून ती उठसूट चालवायची नाही. तुम्ही एखाद्या उपकरणाला ठरावीक आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक) दिला असेल किंवा डीएनएसचं (वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा) सेटिंग हाताने भरलं असेल, तर आधी लिहून घ्या. माझ्या प्रिंटरसाठीचा पत्ता मी डायरीत उतरवला, मग आज्ञा दिली. काही ओळी सरकल्या. रीस्टार्ट.

या वेळी खाली पंखा दिसला. दाबला तर शेजाऱ्यांच्या राउटरांची सगळी नावं एकाखाली एक, त्यात आमचं. पासवर्ड पुन्हा टाकावा लागला. पोर्टल उघडलं. भाच्याला फोनवर नुसतं "आलं" म्हटलं आणि वात लावायला गेले.

गुरुवार-शुक्रवार राहिलेली डागडुजी. आमचं घरचं नेटवर्क आता मशीनला 'पब्लिक' वाटत होतं, त्यामुळे दुसऱ्या खोलीतल्या संगणकाला टॅलीचं फोल्डर दिसेना. वाय-फायच्या गुणधर्मांत जाऊन ते 'प्रायव्हेट' केलं की दिसलं. प्रिंटर काढून नव्याने जोडला. विंडोज अपडेट चालवून वाय-फायचा नवा ड्रायव्हर घेतला. पिंपळगावचं रिटर्न शुक्रवारी रात्री घरूनच गेलं.

खर्च बघायचा तर दुकानाचे तीनशे आणि रिक्षाचे दोन-अडीचशे. सोळाशेचं कार्ड, सातशेचं फॉरमॅट, साडेचारशेचं डोंगल यातलं काहीच लागलं नाही. दुकानदारावर माझा राग नाही. त्याच्यासाठी फॉरमॅट हा खात्रीचा उपाय आहे, आणि माझ्या मशीनवर २०२०मध्ये कोणी काय बसवलं हे त्याला कसं कळावं? हा प्रश्न विचारायचं काम आपलंच. अपग्रेडच्या आधी इन्स्टॉल्ड ॲप्सची यादी वरपासून खालपर्यंत वाचा. जुनं व्हीपीएन, मुदत संपलेलं अँटिव्हायरस, फायरवॉल, असलं काही दिसलं की इंटरनेट चालू असतानाच काढा, रीस्टार्ट करा, मग पुढे जा. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून नेटवर्कचा ड्रायव्हर उतरवून पेनड्राइव्हवर ठेवा. आणि रिटर्नच्या आठवड्यात अपग्रेड करू नका. माझ्या हातात दहा दिवस होते म्हणून निभावलं.

पुढच्या आठवड्यात कॅनडा कॉर्नरच्या मैत्रिणीने तिच्या ऑफिसचा संगणक बघायला बोलावलं. यादी वाचली, एक जुनं व्हीपीएन तिच्याकडेही निघालं, ते काढलं. मग तपासणीचं ॲप चालवलं तर तिचा प्रोसेसर सातव्या पिढीचा, विंडोज ११ त्याला मिळणारच नाही. तिने वर्षभराचे वाढीव सुरक्षा अपडेट घेतलेत, ते १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत येतील. नवा संगणक मार्चअखेर झाल्यावर बघू म्हणते.